शंभर चौरस मीटरचा साबण

प्रति,
सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादनाचे परवाने देणारे अधिकारी,
आमचा जिल्हा

विषय: हाताने केलेल्या साबणाच्या परवान्याचा अर्ज परत आल्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात पोर्टलवर माझ्या अर्जासमोर तुमचा शेरा उमटला. जागा १०० चौ. मी. पेक्षा कमी आहे. यंत्रसामग्री अपुरी आहे. सबब अर्ज परत करण्यात येत आहे. एवढंच. माझी कागदपत्रं मोजली तर अठ्ठेचाळीस पानं होती.

माझं उत्तर तुम्हाला टपालाने रीतसर पाठवलेलं आहे, पोचपावती जपून ठेवली आहे. तेच इथे सगळ्यांसमोर ठेवते आहे, कारण साबण करणाऱ्या माझ्यासारख्या बायका आज तालुक्या-तालुक्यात आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींनी अर्जच केलेला नाही. अर्ज केला तर काय होतं ते त्यांना निदान माझ्यावरून कळेल. जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहिलं नाही. माझं भांडण माणसाशी नाही, मोजपट्टीशी आहे.

आधी एक कबुली. २०१९ ते २०२३ अशी चार वर्षं मी परवान्याशिवाय साबण विकला. आठवडी बाजारात, महिला बचत गटांच्या प्रदर्शनांत, गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना. साबणाला परवाना लागतो हेच मला ठाऊक नव्हतं. १९४० च्या औषध कायद्यात १९६२ साली सौंदर्यप्रसाधनं घातली तेव्हा साबण त्यातून वगळलेला होता, १९८२ च्या दुरुस्तीने तो आत आला. माझ्या सासूबाईंच्या आईच्या घरी साबण होत असे तेव्हा कुणाला काही विचारावं लागत नव्हतं. पण माहीत नव्हतं ही काही सबब नाही. कळलं त्या दिवशी विक्री थांबवली. शिल्लक चारशे बारा वड्या नातेवाइकांत वाटल्या, आणि कायद्याने चालायचं ठरवून अर्जाच्या मागे लागले. दोन वर्षं त्यात गेली. शेजारच्या दोघीजणी माझ्याकडे अर्धा दिवस कामाला यायच्या, त्यांतली एक आता आंब्याच्या बागेत मजुरीला जाते. वाटेत भेटली की विचारते, "वहिनी, झाला काय तो कागद?"

माझी जागा कशी आहे ते नकाशात आहेच, तरी सांगते. आमचा जुना गोठा. वीस फूट बाय साडेसोळा, म्हणजे साधारण ३१ चौ. मी. गुरं विकल्यावर रिकामा पडला होता. जमिनीला लादी घातली, भिंतींना चार फुटांपर्यंत टाइल, खिडक्यांना जाळ्या, एक एक्झॉस्ट पंखा, हात धुवायला वेगळं बेसिन. एका कोपऱ्यात कॉस्टिक, म्हणजे तेलाचा साबण करणारा कॉस्टिक सोडा, कुलुपात असतं. दुसऱ्या बाजूला फळ्यांची मांडणी, तिच्यावर साबण मुरतो. घराचा आणि गोठ्याचा दरवाजा वेगळा. १०० चौ. मी. म्हणजे १,०७६ चौरस फूट. साहेब, आमचं राहतं घरसुद्धा, माजघर, पडवी, न्हाणीघर सगळं धरून, एवढं भरत नाही.

आता या जागेत काय होतं ते बघा, कारण तुमच्या शेऱ्यावरून वाटतं की कारखान्यात होतं तेच इथे छोट्या प्रमाणात होत असावं.

एका घाण्याला पाच किलो तेल. खोबरेल, करंजेल, एरंडेल, थोडं कोकमाचं भिरंडेल. प्रत्येक तेलाला कॉस्टिक वेगळं लागतं. किलोभर खोबरेल पूर्ण साबण व्हायला सुमारे १८३ ग्रॅम, तेवढ्याच एरंडेलाला १२८ च्या आसपास. म्हणून एक तेल संपलं, दुसरं घाला, असं इथे चालत नाही. सगळा हिशोब नव्याने मांडावा लागतो. त्यातही मी पाच टक्के तेल मोकळं राहील असं धरते, म्हणजे कातडीला कॉस्टिक लागायचा प्रश्नच राहू नये. कॉस्टिक पाण्यात सोडायचं, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतायचं नाही. ते पाणी बघता बघता हात लावता येणार नाही इतकं तापतं. भांडं स्टीलचं. अॅल्युमिनियमचं घेतलं तर कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन सुटतो. कोमट तेलात कोमट कॉस्टिकचं पाणी, मग हँड ब्लेंडर, आणि दहा-पंधरा मिनिटांत मिश्रण पिठल्यासारखं दाटतं. वर ओढलेली रेघ क्षणभर तशीच राहिली की समजायचं, जमलं. साच्यात ओतायचं, गोधडीत गुंडाळून ठेवायचं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वड्या कापायच्या, आणि मग सहा आठवडे वाट बघायची.

हे सहा आठवडे म्हणजेच आमचा कारखाना. ११२ ग्रॅमची वडी मुरून १०० ग्रॅमवर येते. लोणच्यासारखंच आहे, घाई केली की बिघडतं. पावसाळ्यात तर बोलायलाच नको. साबणात ग्लिसरीन तसंच राहिलेलं असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आषाढात सकाळी दार उघडावं तर सगळ्या वड्यांना घाम फुटलेला. जून ते सप्टेंबर मी नवा घाणा घालतच नाही.

आता तुमच्या दोन ओळींकडे येते.

यंत्रसामग्रीचं आधी सांगते, ते सोपं आहे. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० च्या सातव्या परिशिष्टात अंगाच्या साबणासाठी यंत्रांची यादी आहे. बॉयलर किंवा तापवायची दुसरी सोय, वाळवणी यंत्र, तीन रुळांची चक्की, प्लॉडर, शिक्का मारायचं यंत्र, अशी ती जाते. ही यादी चुकीची नाही. ती दुसऱ्या साबणाची आहे. कारखान्यात साबण शिजवतात, मिठाने फाडतात, ग्लिसरीन वेगळं काढून विकतात, उरलेला साबण वाळवून त्याच्या शेवया करतात. त्या शेवयांत रंग-वास मिसळून त्या रुळांतून दळतात आणि प्लॉडरमधून लांब कांडी काढून तिला शिक्का मारतात. माझ्याकडे शेवयाच नाहीत, मग दळू काय? भाकरी थापणाऱ्या बाईला पावाची भट्टी कुठे आहे म्हणून विचारावं, तसं हे झालं.

गंमत म्हणजे फरक सरकारला माहीत नाही असं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ साली उद्योगांची रंगवार वर्गवारी केली, तेव्हा बॉयलरविना, हाताने केलेला साबण वेगळा काढून हिरव्या, म्हणजे कमी प्रदूषणाच्या, गटात ठेवला. खादी ग्रामोद्योगाच्या यादीत अखाद्य तेलं आणि साबण हा धंदा जुन्या काळापासून आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण महिलेला प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान मिळू शकतं. म्हणजे एक खिडकी म्हणते, ताई, साबण कर, पैसे देतो. आणि दुसरी म्हणते, आधी प्लॉडर आण.

जागेचं मात्र सावकाश सांगते, कारण खरा अन्याय तिथे आहे.

त्याच परिशिष्टात लहान प्रमाणावरच्या साबणासाठी किमान १०० चौ. मी. जागेची शिफारस आहे. शब्द शिफारस असा आहे. आणि त्याच परिशिष्टात टीप आहे की यंत्रं, जागा वगैरेंच्या अटी परवाना अधिकाऱ्याला उत्पादनाचं स्वरूप आणि आवाका बघून शिथिल करता येतात किंवा बदलता येतात. ही टीप मी माझ्या अर्जाला जोडली होती, पान ३९ वर, पिवळ्या पेनाने अधोरेखित करून. ज्यांनी हा नियम लिहिला त्यांनाही ठाऊक असावं की सगळं जग १,०७६ चौरस फुटांत मावत नाही. म्हणून त्यांनी तुमच्या हातात अधिकार दिला. तो वापरायचा की नाही हे तुमच्यावर आहे, मान्य आहे. पण तो का वापरला नाही याचं एका ओळीचं कारण मागायचा हक्क मला आहे की नाही? तुमच्या शेऱ्यात त्या टिपेचा उल्लेखच नाही. तुम्ही ती नाकारली असती तर मी अपील केलं असतं. तुम्ही ती वाचलीच नाही असं दिसतं, आणि न वाचलेल्याविरुद्ध अपील कसं करायचं ते मला माहीत नाही.

आणि जागा बघायला कुणी आलंसुद्धा नाही. नकाशावरचा आकडा बघून निकाल लागला.

तिसरी गोष्ट तुमच्या शेऱ्यात नाही, फोनवर सांगितली गेली. "दुसऱ्याच्या कारखान्यात करून घ्या, लोन लायसन्सवर." विचारलं मी. दोन ठिकाणी. एकाने कमीत कमी दोन हजार वड्यांची ऑर्डर मागितली, दुसऱ्याने पाचशेला तयारी दाखवली पण म्हणाला, "ताई, तुमची ती तेलं वगैरे नको, आम्ही तयार साबणाचा बेस आणतो, तुमचा वास घालून देतो, वेष्टन तुमचं लावा." म्हणजे कायद्याने चालायचं तर मी हाताने साबण करणं सोडायचं, दुसऱ्याच्या शेवयांवर स्वतःचं नाव चिकटवायचं आणि वर 'घरगुती' लिहायचं. हा मार्ग तुमच्या कार्यालयातून सुचवला गेला याचं मला जास्त वाईट वाटलं.

चौथी गोष्ट घरातली. माझी जाऊ लोणची करते. २०२२ साली तिने अन्नाची नोंदणी काढली. बारा लाखांच्या आतली उलाढाल, वर्षाला १०० रुपये फी, आधारकार्ड, फोटो, संपलं. तिचं स्वयंपाकघर माझ्या गोठ्याच्या निम्मं आहे. तिचं लोणचं लोकांच्या पोटात जातं. माझा साबण दोन मिनिटं अंगावर असतो आणि पाण्याबरोबर मोरीत जातो. तिला सूट मिळाली याचं मला दुःख नाही, चांगलंच झालं. पण पोटात जाणाऱ्या वस्तूला छोट्यांसाठी वेगळी पायरी असू शकते, तर मोरीत जाणाऱ्या वस्तूला का नाही?

मध्येच एक सांगायचं राहिलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाच्या साबणावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा मला दिवसभर अभिनंदनाचे निरोप येत होते. माझी उलाढाल चांगल्या वर्षीसुद्धा चार लाखांवर गेली नाही. नोंदणीची मर्यादाच चाळीस लाखांची. त्या सवलतीचा मला काडीचा उपयोग नाही. उलट माझा घाणेवाला २०२३ मध्ये जे खोबरेल २३० रुपये किलोने द्यायचा त्याचे आता ४५० मागतो. हे तुमच्या हातात नाही, माहीत आहे. पण छोटा धंदा कशाकशाने मोडतो ते कळावं म्हणून लिहिलं.

आता आमच्याही पदरात काय आहे ते बोलते. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई फक्त आपलीच बाजू सांगते.

हाताने साबण करणाऱ्यांत खोटेपणा भरपूर आहे. बाजारातून तयार बेस आणायचा, मायक्रोवेव्हमध्ये वितळवायचा, गुलाबाची पाकळी टाकायची आणि शंभर टक्के हस्तनिर्मित म्हणून दीडशेला विकायचा. 'केमिकलविरहित' हा शब्द तर मी पाहिला की माझं डोकं फिरतं. कॉस्टिकशिवाय साबण होत नाही. मुरलेल्या साबणात ते उरत नाही एवढंच, कारण तेलाशी त्याचा साबण झालेला असतो. कुणी सोरायसिस बरा करते, कुणी आठ दिवसांत गोरं करते. हे थांबवायला तुमच्यासारखं कुणीतरी हवंच आहे.

आणि धोका खोटा नाही, तो मी स्वतः बघितला आहे. २०२१ च्या मार्चमध्ये माझ्या वजनकाट्याची बॅटरी उतरली होती. काटा अडखळत होता, माझ्या लक्षात आलं नाही. वड्या कापल्या तेव्हा वर पांढरी खर धरलेली. जुनी पद्धत म्हणून बोट ओलं करून वडीवर फिरवलं आणि जिभेच्या टोकाला लावलं, तर झणकन चटका बसला, विजेचा बसावा तसा. सगळ्या अठ्ठावन्न वड्या बाद केल्या. त्या दिवसापासून दोन काटे ठेवले आहेत, एकावर मोजलेलं दुसऱ्यावर पडताळल्याशिवाय कॉस्टिक पाण्यात पडत नाही. प्रत्येक घाण्याची वहीत नोंद आहे: तारीख, तेलं, ग्रॅम, कॉस्टिक, पाणी, कापल्याचं वजन, मुरल्याचं वजन. घाणा क्रमांक १ पासून २१७ पर्यंत.

या वहीची नक्कल अर्जाला जोडली होती. प्रयोगशाळेचा अहवालही जोडला होता. अंगाच्या साबणाचं भारतीय मानक आहे, आयएस २८८८. त्यात एकूण स्निग्धांशावर तीन प्रती आहेत, पहिलीला ७६ टक्के, दुसरीला ७०, तिसरीला ६०. माझी वडी ७२ ला आली, म्हणजे दुसरी प्रत. जाणकार माणसाच्या अटीत रसायनशास्त्र घेतलेलं शिक्षण चालतं. मी बारावी सायन्स आहे, रसायनशास्त्रात ६१ मार्क, मार्कलिस्ट पान १२ वर. यातल्या कशावरही तुमच्या शेऱ्यात एक अक्षर नाही. साबण मोजण्याचे इतके मार्ग असताना तुम्ही भिंत मोजलीत.

इंग्लंडमध्ये घरच्या ओट्यावर साबण करून विकणाऱ्यालाही मोकळं रान नाही. तिथे प्रत्येक कृतीचा सुरक्षितता अहवाल तज्ज्ञाकडून करून घ्यावा लागतो, तेल बदललं तर पुन्हा. ते कडक आहे आणि मला ते मान्य आहे. उद्या इथे तसा नियम आला तर पहिल्या रांगेत मी उभी राहीन. कडक असू दे, पण साबणाबद्दल असू दे.

तर माझ्या मागण्या अशा.

एक, माझा अर्ज पुन्हा उघडा आणि सातव्या परिशिष्टातल्या शिथिलीकरणाच्या टिपेवर लेखी निर्णय द्या. हो किंवा नाही, पण कारणासहित.

दोन, निर्णयाआधी जागा प्रत्यक्ष बघा. न कळवता आलात तरी चालेल.

तीन, वाटेल त्या घाण्यातली वाटेल ती वडी उचला आणि तपासायला पाठवा. मोकळं कॉस्टिक किती, स्निग्धांश किती, वजन लिहिलंय तेवढं आहे का. यात नापास झाले तर परवाना नको, मी पुन्हा तोंड दाखवणार नाही.

चार, ही मागणी तुमच्या वरच्यांसाठी आहे, ती तेवढी पुढे पाठवा. बॉयलरविना हाताने होणाऱ्या साबणासाठी परिशिष्टात वेगळी नोंद हवी, तिच्यात लागणारी खरी साधनं हवीत: दोन वजनकाटे, थर्मामीटर, स्टीलची भांडी, हातमोजे, चष्मा, कॉस्टिकला कुलूप, वारा खेळता राहील अशी मुरवणीची जागा. लोणच्याला जशी छोट्यांची नोंदणी आहे तशी साबणालाही ठरावीक उलाढालीपर्यंत हवी.

पाच, तोवर बचत गटांच्या प्रदर्शनांत बायकांना एकीकडे स्टॉलचं निमंत्रण आणि दुसरीकडे परवान्याचा दंडुका असं करू नका. काय लागतं, कुठे मिळतं, किती दिवसांत, याचा मराठीत एक कागद करून पंचायत समितीत लावा. मला हे शोधायला सात महिने गेले, आणि सापडलं ते इंग्रजीत.

याहून जास्त काही मागत नाही. फी माफ करा म्हणत नाही, तपासणीतून सोडा म्हणत नाही.

यायचं ठरवलंत तर मृगाच्या आत या. नंतर साबणाला घाम सुटतो आणि वजन खरं लागत नाही. घाणा क्रमांक २१७ तुमच्यासाठी न विकता, न वाटता ठेवला आहे, मधल्या फळीवर. वही खिडकीशी टांगलेली असते. घरी कुणी नसलं तर शेजारी किल्ली आहे. गोठ्याचं दार मागच्या अंगाला आहे, पायरी जुनी आणि उंच आहे, जरा जपून चढा.

आपली,
अर्जदार